सेलमचे न्यायासन आणि मिलरचे नाटक

सोनार ज्या भांड्यात सोने वितळवितो त्याला आपण मूस म्हणतो. इंग्रजीत तिला 'क्रूसिबल' असे नाव आहे. हेच नाव देऊन अमेरिकन नाटककार आर्थर मिलर ह्यांनी लिहिलेले चार अंकी नाटक २२ जानेवारी १९५३ रोजी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले. मिलर २००५ साली वारले. ज्या राजकारणाने त्यांना हे नाटक लिहावयास लावले तेही केव्हाच इतिहासजमा झाले. नाटक मात्र अजून देशोदेशी होते, आणि आपल्याकडे इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्यांच्याही ते हाती पडते. ह्याचा परिणाम असा झाला आहे की, १६९२ साली सेलम येथे काय घडले असे एखाद्या सुशिक्षिताला विचारावे, तर तो जे सांगतो ते बहुधा इतिहासातले नसून मिलरच्या नाटकातले असते. एका तरुण मोलकरणीचे धन्याशी सूत जमले, धनिणीने तिला घराबाहेर काढले, धनिणीचा काटा काढण्यासाठी पोरीने चेटुकाचे कुभांड रचले, आणि त्या कुभांडात सारा गाव भरडला गेला, अशी ती हकीकत.

ह्या हकीकतीची कागदपत्रांशी गाठ घालून पाहावी, एवढाच आमचा आजचा उद्देश आहे. नाटककाराने इतिहास बदलला म्हणून त्याला पिंजऱ्यात उभे करावयाचे नाही. तो हक्क त्याचा आहे, आणि नाटकाच्या छापील प्रतीत आपण वये बदलली, पात्रे एकत्र केली, हे मिलर ह्यांनी स्वतःच सांगून टाकले आहे. परंतु काय बदलले आणि काय तसेच राहू दिले हे ताडून पाहिले असता आम्हांला असे दिसते की, भय कोठून उपजले हे मिलर ह्यांनी चुकीच्या जागी दाखविले. ते कशावर पोसते हे मात्र त्यांनी अचूक हेरले.

प्रथम स्थळकाळ. हे सेलम आपल्या तमिळनाडूतील नव्हे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्स नावाची इंग्रजांची वसाहत होती, तिच्यातील हे बंदर. बंदरापासून आत शेतकऱ्यांची एक वस्ती होती, तिला सेलम व्हिलेज म्हणत. आज तिचे नाव डॅन्व्हर्स आहे. वसाहत प्युरिटन पंथाच्या लोकांनी वसविलेली. इंग्लंडातील चर्च त्यांच्या मते पुरेसे शुद्ध नव्हते, म्हणून समुद्र ओलांडून ते देवाच्या आज्ञेप्रमाणे चालणारे राज्य उभारावयास आले होते. अशा राज्यात पाप हा ज्याचा त्याचा खाजगी मामला राहत नाही. एकाच्या पापाने देवाचा कोप साऱ्या वस्तीवर होतो असा तेथे दृढ विश्वास. त्यामुळे शेजाऱ्याच्या घरात डोकावणे हा अवगुण न राहता कर्तव्य होऊन बसतो.

त्या सुमारास ह्या राज्याची अवस्था मोठी केविलवाणी झाली होती. ज्या सनदेवर त्यांचा कारभार चाले ती १६८४ साली रद्द झाली. राजाने नेमलेला गव्हर्नर अँड्रॉस ह्याला १६८९ साली लोकांनी धरून कैदेत टाकले. पुढे तीन वर्षे जुन्या माणसांनी कारभार कसाबसा रेटला, पण कोणत्या अधिकाराने, असे विचारले तर कोणापाशी धड उत्तर नव्हते. उत्तरेस मेनच्या सरहद्दीवर तेथील मूळचे वाबनाकी लोक आणि त्यांचे पाठीराखे फ्रेंच ह्यांच्याशी युद्ध चालले होते. जानेवारी १६९२ मध्येच यॉर्क नावाचे गाव जाळले गेले. तिकडून जीव घेऊन आलेली माणसे, आईबाप गमावलेल्या मुली, सेलमच्या आसपास चाकरी करून राहत होत्या. अमेरिकन अभ्यासक मेरी बेथ नॉर्टन ह्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या युद्धावर फार भर दिला आहे, आणि तो योग्य आहे असे आम्हांला वाटते.

गावातली भांडणे तर अगदी आपल्या ओळखीची. पटनम आणि पोर्टर अशा दोन घराण्यांची चुरस, बांधाबांधावरून फिर्यादी, आणि चर्चचा उपाध्याय कोणी नेमावा ह्यावरून दोन तट. सॅम्युएल पॅरिस हे गावाचे चौथे उपाध्याय. आधीचे तिघेही फार टिकले नव्हते. पॅरिस ह्यांना राहते घर गावाने मालकीने दिले की नुसते वापरावयास, हा वाद पेटला होता. सरपणाचाही वाद होता. पुरेसे लाकूड आपल्या घरी पोचत नाही अशी त्यांची कुरकुर, तर ऑक्टोबर १६९१ मध्ये निवडून आलेल्या गावच्या नव्या समितीने त्यांच्या पगारासाठी कर बसविण्याचेच नाकारले. म्हणजे न्यू इंग्लंडच्या कडक हिवाळ्यात गावचा उपाध्याय पगाराविना, शेकोटीच्या लाकडाच्या विवंचनेत बसला होता, आणि व्यासपीठावरून सैतान चर्चमध्ये शिरू पाहत असल्याचे सांगत होता. त्याच घरात जानेवारीत त्याची नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि अकराबारा वर्षांची भाची अ‍ॅबिगेल विल्यम्स ह्यांना झटके येऊ लागले. मुली किंचाळत, अंग पिळवटून टाकीत, कोणी चिमटे घेत असल्याप्रमाणे ओरडत. वैद्याला रोग सापडेना. त्याने हा दुष्ट शक्तीचा हात असल्याचे सांगितले.

२९ फेब्रुवारी रोजी तिघींवर पकडवॉरंटे निघाली. टिटुबा ही पॅरिस ह्यांच्या घरची गुलाम बाई. सेरा गुड ही दारोदार मागून खाणारी, तोंडाने फटकळ. सेरा ऑस्बर्न ही अंथरुणाला खिळलेली आणि नवऱ्याच्या इस्टेटीवरून पटनमांच्या नातलगांशी वाकडे आलेली. वस्तीत ज्यांची बाजू घेणारे कोणी नव्हते अशा ह्या तिघी. दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. दोघींनी साफ नाकारले. टिटुबानेही आधी नाकारले, मग कबूल केले. धन्याने मारून कबूल करविले असे ती पुढे म्हणाल्याचे रॉबर्ट कॅलेफ ह्या बोस्टनच्या व्यापाऱ्याने १७०० साली छापून टाकले. तिने उंच माणसाची, काळ्या कुत्र्याची, काठीवर बसून हवेतून गेल्याची हकीकत सांगितली. आणि एक गोष्ट अशी सांगितली की जिने पुढच्या साऱ्या अनर्थाचे दार उघडले. त्या उंच माणसाच्या वहीत तिने नऊ खुणा पाहिल्या होत्या.

नऊ! कोठडीत तिघी. मग उरलेल्या कोण? मॅजिस्ट्रेट जॉन हॅथॉर्न ह्यांच्या जागी कोणीही असता तरी हाच प्रश्न विचारता. एका कबुलीने पूर्वीच्या आरोपांना बळकटी आणली आणि पुढच्या आरोपांसाठी रिकाम्या जागा करून ठेवल्या. जो कबूल करी तो नवी नावे देई, ज्यांची नावे येत त्यांपैकी काही कबूल करीत, ते आणखी नावे देत. उन्हाळा संपेपर्यंत दीडशेवर माणसे आरोपी झाली होती. त्यांत सेरा गुडची चारपाच वर्षांची मुलगीही होती. तिला कित्येक महिने बेड्या घालून ठेवले होते. आईबरोबर तुरुंगात असलेले तिचे तान्हे भावंड तेथेच मेले.

येथे धर्म आणि कायदा ह्यांची सांगड कशी बसली हे थोडे खोलात जाऊन पाहिले पाहिजे. चेटूक करणारीला जिवंत ठेवू नये अशी बायबलच्या जुन्या करारात आज्ञा आहे, आणि पहिल्या जेम्स राजाच्या १६०४ च्या इंग्रजी कायद्याने तो देहान्ताचा गुन्हा ठरविला होता. शिक्षा फाशीची. सेलममध्ये कोणालाही जाळलेले नाही. ती समजूत युरोपातल्या कथांवरून आली. पण गुन्हा शाबीत कसा करावयाचा? मुली न्यायालयात ओरडत की, अमक्या बाईची छाया आमचा गळा दाबीत आहे. ती बाई तर समोर हात बांधून उभी आहे. छाया मुलींखेरीज कोणाला दिसत नाही. ह्या छायेला पुरावा मानावे काय? प्रश्न दिसतो कायद्याचा, पण होता धर्मशास्त्राचा. निरपराध माणसाचे रूप त्याच्या संमतीवाचून धारण करण्याची मोकळीक देव सैतानाला देतो की नाही? देत असेल तर छायेची साक्ष कवडीमोल. देत नसेल तर जिची छाया दिसली ती सैतानाची बटीक ठरली, आणि तिने कितीही नाकारले तरी उपयोग नाही. न्यायाधीशांनी दुसरे मत धरले. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन हे हार्वर्डमध्ये शिकलेले आणि तरुणपणी उपाध्यायकी केलेले गृहस्थ होते. ह्या मताला ते शेवटपर्यंत चिकटून राहिले.

आपल्याकडे सातपुड्याच्या पाड्यांतून एखाद्या बाईला डाकीण ठरवून तिचा छळ झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. तेथे बोट दाखविणारा असतो भगत, आणि मारणारा असतो जमाव. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशा प्रकारांच्या विरुद्ध उभा आहे. सेलमची गोष्ट निराळी. तेथे जमावाने कोणाला मारले नाही. वॉरंटे निघाली, जबान्या लिहून घेतल्या गेल्या, ज्यूरी बसली, शेरिफने फाशीच्या आदेशाची बजावणी करून कागदाच्या पाठीवर तशी नोंद केली. हे कागद शेकड्यांनी आजही उपलब्ध आहेत, आणि त्यांतील नीटनेटकेपणा पाहून वाचणारा चरकतो.

१४ मे रोजी नवा गव्हर्नर विल्यम फिप्स नवी सनद घेऊन बोस्टनला उतरला. तुरुंग भरलेले. त्याने खास न्यायालय नेमले. २ जूनला ब्रिजेट बिशप हिचा खटला चालला आणि १० जूनला ती फासावर गेली. नॅथॅनियल सॉल्टनस्टॉल नावाच्या एका न्यायाधीशाने ह्यानंतर राजीनामा दिला. बाकीचे बसून राहिले. १९ जुलैला पाच, १९ ऑगस्टला पाच, २२ सप्टेंबरला आठ. एकूण एकोणीस माणसे फाशी गेली, त्यांत चौदा बायका. जाईल्स कोरी हा ऐंशीच्या घरातला शेतकरी. त्याने ह्या न्यायालयापुढे जाब देण्याचेच नाकारले, म्हणून कबूल किंवा नाकबूल काहीतरी बोलावे ह्यासाठी त्याच्या छातीवर दगड रचले, आणि तो त्याखाली १९ सप्टेंबरला मेला. निदान पाच जण तुरुंगात मेले.

आता ह्या यादीतील जी गोष्ट मिलर ह्यांच्या नजरेने टिपली ती सांगतो. ज्यांनी आपण चेटूक केले असे कबूल केले, अशी माणसे पन्नासांवर होती. त्यांपैकी कबुलीवर ठाम राहिलेल्या एकालाही फाशी झाली नाही. फाशी गेले ते सारे 'आम्ही निरपराध आहोत' असे अखेरपर्यंत म्हणणारे. गुन्हा केला म्हणणारा वाचतो आणि केला नाही म्हणणारा मरतो, असे हे न्यायासन! सॅम्युएल वॉर्डवेल नावाच्या अँडोव्हरच्या सुताराने आधी कबुली दिली होती. न्यायालयात त्याने ती मागे घेतली, आणि सप्टेंबरच्या आठांत त्याचा नंबर लागला. न्यायाधीश ह्याला दया समजत. पापी कबूल होतो म्हणजे पश्चात्तापाच्या वाटेला लागतो, मग त्याला का मारावे, असा त्यांचा हिशेब. शिवाय कबूल झालेला साक्षीदार उपयोगी पडे. दया आणि उपयोग ह्यांची अशी गाठ पडली की खोटे बोलण्याला राजमान्यता मिळते.

मार्गारेट जेकब्ज ही सोळासतरा वर्षांची मुलगी. कबूल हो, नाहीतर फाशी जाशील, असे तिला सांगण्यात आले. ती भ्याली, आणि कबुलीत तिने आपल्या आजोबांचे, जॉर्ज जेकब्ज ह्यांचे नाव घेतले, पूर्वी सेलम व्हिलेजचे उपाध्याय असलेल्या जॉर्ज बरोज ह्यांचेही घेतले. दोघांनाही शिक्षा झाली. मग मुलीला झोप येईना. तिने कबुली परत घेतली. परत घेतली म्हणजे स्वतःच्या गळ्यात फास घालून घेतला, हे जाणून घेतली. फाशीच्या आदल्या दिवशी ती बरोज ह्यांना भेटली आणि तिने त्यांची क्षमा मागितली. त्यांनी ती केली व तिच्यासाठी प्रार्थनाही केली. दुसऱ्या दिवशी दोघेही गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी कोठडीतून तिने आपल्या बापाला पत्र लिहिले, ते उपलब्ध आहे. पुढे खटल्याच्या वेळी डोक्याला गळू झाल्यामुळे तिची तारीख टळली आणि ती वाचली. वाचली तरी सुटली नाही. तुरुंगातील खाण्याराहण्याचा खर्च कैद्यानेच भरावयाचा असे, तो तिच्याजवळ नव्हता. अखेर कोणा परक्या माणसाने ते पैसे भरले.

मिलर ह्यांच्या नाटकात ही मुलगी नाही. तिच्या मनातली झुंज मात्र त्यांनी जॉन प्रॉक्टरला दिली आहे. चौथ्या अंकात प्रॉक्टर जीव वाचविण्यासाठी खोट्या कबुलीवर सही करतो. कागद चर्चच्या दारावर लावणार असे कळताच तो सही केलेला कागद फाडतो आणि फासाकडे जातो. खऱ्या प्रॉक्टरने कधी कबुलीच दिली नाही. पण हा प्रसंग इतिहासाच्या आत्म्याला धरून आहे. सत्तेला त्याचे नुसते तोंडचे शब्द नको होते. चारचौघांत दाखविता येईल असा, पुढच्या माणसाला वाकविण्यास उपयोगी पडेल असा कागद हवा होता.

मग चूक कोठे? पहिल्या अंकात. खरा प्रॉक्टर साठीचा, खानावळ चालविणारा, तिसऱ्या लग्नाचा गृहस्थ होता. नाटकात तो पस्तिशीचा आहे. खरी अ‍ॅबिगेल अकराबाराची पोर. नाटकात ती सतरा वर्षांची ठसठशीत तरुणी. ती प्रॉक्टरच्या घरी चाकरीस होती ह्याला आधार नाही. तेथे चाकरीस होती ती मेरी वॉरेन. रानात मध्यरात्री नाच झाल्याचेही कागदांत नाही. मिलर ह्यांना ही कल्पना सुचली ती एका नोंदीवरून. ११ एप्रिलच्या चौकशीत अ‍ॅबिगेलने एलिझाबेथ प्रॉक्टरला मारण्यासाठी मूठ उगारली. पण हात खाली येता येता मूठ उघडली, बोटे हलकेच तिच्या शिरोवस्त्राला टेकली, आणि लगेच 'माझी बोटे भाजली' म्हणून पोर ओरडली. ह्या अर्धवट राहिलेल्या माराच्या मागे काहीतरी पूर्वीचे नाते असले पाहिजे, असा नाटककाराचा तर्क. नाटककाराला असा तर्क शोभतो. आम्हांला मात्र वाटते की त्याची फार मोठी किंमत द्यावी लागली.

ती किंमत अशी. अनर्थाचे मूळ एकदा एका पोरीच्या सूडात सापडले म्हणजे उरलेले सगळे जण तिने फसविलेले ठरतात. न्यायाधीश हेकट असतील, मूर्ख असतील, पण मूळ पाप त्यांचे नव्हे. प्रत्यक्षात मुलींच्या किंचाळण्याला कायद्याचे रूप कोणी दिले? फिर्यादीच्या कागदांवर सह्या पोरींच्या नाहीत, टॉमस पटनमसारख्या कर्त्या पुरुषांच्या आहेत; कित्येक जबान्याही त्याच्याच अक्षरात आहेत. 'तू निरपराध आहेस काय' असे न विचारता 'ह्या पोरांना का छळतेस' असे हॅथॉर्न विचारीत. रिबेका नर्स ही एकाहत्तर वर्षांची, सगळ्यांच्या आदरातली बाई. तिला ज्यूरीने प्रथम निर्दोष ठरविले. मुलींनी आरडाओरड केली. स्टॉटन ह्यांनी, तिच्या तोंडून निघालेल्या एका वाक्याचा पुन्हा विचार करा म्हणून ज्यूरीला सुचविले. त्या वाक्याचा अर्थ ज्यूरीने तिला विचारला तेव्हा तिने उत्तर दिले नाही, कारण तिला कमी ऐकू येत असे. ज्यूरीने निकाल फिरविला. हे काही बारा वर्षांच्या पोरीचे काम नव्हे. शांत, शिकलेल्या, देवभीरू माणसांचे ते काम होते, आणि त्यांच्यापैकी कोणालाही प्रॉक्टरच्या बायकोचा द्वेष नव्हता. लागोपाठ युद्धात हार खात असलेल्या, नव्या सनदेच्या जोरावर नुकत्याच पुन्हा खुर्चीत बसलेल्या मंडळींना आपले राज्य देवाला मान्य आहे हे कोठेतरी सिद्ध करावयाचे होते. शत्रू रणांगणात सापडत नाही म्हणून त्यांनी तो न्यायालयात शोधला, असे म्हटले तर ते कठोर वाटेल, पण कागद वाचल्यावर आमचे तरी असेच मत झाले आहे.

मिलर ह्यांना हे दिसत नव्हते असे नाही. ते स्वतः तशाच चौकटीत सापडले होते. प्रतिनिधिगृहाची एक समिती अमेरिकेविरुद्धच्या कारवायांची चौकशी करी आणि पूर्वी कम्युनिस्टांशी संबंध असलेल्या लेखक, नट, दिग्दर्शकांना बोलावी. पुष्कळ लोक सेनेटर मॅकार्थी ह्यांचे नाव ह्या समितीशी जोडतात ते बरोबर नाही. ते वरिष्ठ सभागृहाचे सभासद होते आणि त्यांचा तमाशा निराळा होता. एप्रिल १९५२ मध्ये मिलर ह्यांचे स्नेही, विख्यात दिग्दर्शक ईलिया कझान ह्यांनी समितीपुढे आठ जणांची नावे सांगितली. त्याच वर्षी मिलर सेलमला जाऊन जुने कागद वाचीत बसले. पुढे २१ जून १९५६ रोजी त्यांना स्वतःलाच समितीपुढे उभे राहावे लागले. स्वतःबद्दल विचाराल ते सांगतो, दुसऱ्याचे नाव घेणार नाही, अशी त्यांनी भूमिका घेतली. १९५७ साली सभागृहाच्या अवमानाबद्दल त्यांना दोषी ठरविण्यात आले. १९५८ साली अपिलात तो निकाल रद्द झाला.

ह्यावर तेव्हापासून एक आक्षेप घेतला जातो: चेटकिणी मुळात नव्हत्याच, कम्युनिस्ट तर होते, मग उपमा कशी जुळावी? आक्षेपात तथ्य आहे. १९९५ नंतर खुल्या झालेल्या अमेरिकन गुप्तखात्याच्या कागदांवरून सोव्हिएत हेर खरोखरच अमेरिकेच्या सरकारी कचेऱ्यांत होते हे उघड झाले आहे. परंतु हेर शोधणे निराळे आणि नटांना बोलावून, जी नावे आपल्या दप्तरात आधीच आहेत ती त्यांच्या तोंडून वदवून घेणे निराळे. समितीला माहिती नको होती, शरणागती हवी होती. सेलमची वही आणि वॉशिंग्टनची यादी ह्यांचे साम्य येथे आहे, आणि मिलर ह्यांनी ते नेमके पकडले.

धर्माविषयी नाटक थोडे अन्याय करते, असे आम्हांला वाटते. प्रॉक्टरने २३ जुलैला तुरुंगातून बोस्टनच्या उपाध्यायांना अर्ज केला. आपल्या मुलाला मान आणि टाचा एकत्र बांधून नाकातून रक्त येईपर्यंत ठेवले, असे त्यात आहे. आमचा खटला बोस्टनला चालवा, निदान न्यायाधीश तरी बदला, अशी विनंती आहे. शेरिफने इकडे त्याच्या घरातील सारे उचलून नेले. पिपातील बिअर ओतून पीप नेले, भांड्यातील रस्सा सांडून भांडे नेले, पोरांना काही ठेवले नाही, असे कॅलेफ लिहितो. फाशीपूर्वी प्रॉक्टरने सेलमचे उपाध्याय नॉइस ह्यांना आपल्याबरोबर प्रार्थना करा म्हणून विनविले. चेटूक कबूल करीत नाहीस तर प्रार्थना नाही, असे उत्तर मिळाले. धर्म सत्तेच्या हातात गेला की तो प्रार्थनासुद्धा अडवून धरतो.

पण मरणाऱ्यांना बळ कोणी दिले? तेही ह्याच धर्माने. खोटी कबुली म्हणजे देवासमोर खोटे, आणि त्याचा जाब मेल्यावर द्यावा लागणार, ही त्यांची श्रद्धा. मेरी ईस्टी ही रिबेका नर्सची बहीण. तिने न्यायाधीशांना लिहिले की मी माझ्या जिवासाठी विनवीत नाही, मी मरणारच आहे. पण ह्यापुढे निरपराधांचे रक्त सांडू नका. तिला २२ सप्टेंबरला फाशी दिले. चेटूक करणाऱ्याला प्रभूची प्रार्थना बिनचूक म्हणता येत नाही असा समज होता. बरोज ह्यांनी फाशीच्या शिडीवरून ती एकही शब्द न चुकता म्हटली. लोक रडू लागले, फाशी थांबते की काय असे झाले. तेव्हा बोस्टनचे उपाध्याय कॉटन मॅदर घोड्यावरून पुढे आले आणि सैतानही देवदूताचे रूप घेतो असे सांगून त्यांनी लोकांना शांत केले. काम पुढे चालू झाले.

खटले थांबले तेही धर्मशास्त्राच्याच आधाराने. कॉटन मॅदर ह्यांचे वडील इन्क्रीज मॅदर ह्यांनी ३ ऑक्टोबरला आपला लेख पुरा केला. त्यात छायेच्या पुराव्यावर त्यांनी कुऱ्हाड घातली; एका निरपराधाचा बळी जाण्यापेक्षा दहा संशयित सुटलेले बरे, असे स्पष्ट म्हटले. मात्र ह्याच लेखाच्या अखेरीस त्यांनी न्यायाधीशांची पाठराखणही केली. त्या वेळेपर्यंत आरोप बड्यांच्या दारात पोचले होते. गव्हर्नरच्या पत्नीचे नाव कुजबुजले जात होते. बेव्हर्लीचे उपाध्याय जॉन हेल हे नाटकात भर खटल्यात न्यायालयाचा धिक्कार करून निघून जातात. खऱ्या हेलांना शंका आली ती त्यांच्या स्वतःच्या बायकोवर आरोप आल्यावर. २९ ऑक्टोबरला फिप्सने न्यायालय मोडले. जानेवारीत नव्या न्यायालयाने छायेचा पुरावा वर्ज्य केला, तेव्हा बहुतेक सगळे सुटले. तिघींना शिक्षा झाली, पण गव्हर्नरने फाशी तहकूब केली. त्यावर स्टॉटन संतापून न्यायासनावरून उठून गेले. पश्चात्तापाचा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही.

निघाला तो सॅम्युएल स्यूअल ह्यांच्या. १४ जानेवारी १६९७ रोजी उपवासाच्या दिवशी बोस्टनच्या चर्चमध्ये त्यांचा कबुलीजबाब वाचला गेला, आणि वाचून होईपर्यंत हा न्यायाधीश सर्वांसमोर उभा राहिला. बारा ज्यूरींनीही क्षमा मागितली. मुलींपैकी अ‍ॅन पटनम हिने १७०६ साली चर्चमध्ये आपली चूक मान्य केली. एलिझाबेथ प्रॉक्टर गरोदर असल्यामुळे वाचली होती, परंतु शिक्षा उठलेली नव्हती. नवऱ्याच्या इस्टेटीतील आपला वाटा मागताना, कायद्याच्या दृष्टीने मी मेलेली बाई आहे, अशी तक्रार तिला करावी लागली. ब्रिजेट बिशपचे नाव निर्दोष म्हणून कायद्यात लिहिले जाण्यास २००१ साल उजाडले. एलिझाबेथ जॉन्सन नावाच्या अँडोव्हरच्या एका मुलीचे तर २०२२.

१७११ साली वसाहतीच्या सरकारने बऱ्याच जणांच्या शिक्षा रद्द केल्या आणि नुकसानभरपाई मंजूर केली. ती यादी उपलब्ध आहे. नावापुढे रक्कम, खाली बेरीज, ५७८ पौंड १२ शिलिंग. प्रॉक्टरच्या कुटुंबाला १५० पौंड, रिबेका नर्सच्या वारसांना २५, बरोजच्या मुलांना ५०. ह्याच यादीत अ‍ॅबिगेल हॉब्ज हिला १० पौंड आहेत. तिने कबुली दिली होती आणि इतरांची नावे घेतली होती. आणि सेरा गुडच्या नावापुढचे ३० पौंड तिच्या नवऱ्याने, विल्यम गुडने घेतले. चौकशीच्या पहिल्या दिवशी, १ मार्च १६९२ रोजी, आपली बायको चेटकीण आहे किंवा लवकरच होईल अशी आपल्याला भीती वाटते, असे त्याने मॅजिस्ट्रेटांसमोर सांगितले होते.